निळा कॅन

“उघडा ते गटाराच्या चेंबरचं झाकण,” हेमा म्हणाली. “पुरावा आतच आहे.”

तिने कडेवरच्या ओवीला आवळून धरलं. टायफॉइडमधून उठलेली चार वर्षांची पोर, कडेवर असून जाणवत नव्हती. वर्षात तिसऱ्यांदा इमारतीचं ड्रेनेज तुंबलं होतं. मागच्या खेपेला ते घाण पाणी जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत झिरपलं आणि ओवी आठ दिवस सलाइनवर होती. तेव्हाच हेमाने ठरवलं, तळमजल्यावरचा तेलाचा घाणा बंद पाडायचा. तक्रार तिने लिहिली, दारोदार फिरून सह्या तिने घेतल्या. आज महापालिकेचे निरीक्षक सील घेऊनच आले होते.

“साहेब, माझा गाळ पेंडीत जातो, पेंड गोठ्यात जाते,” घाणेवाले ज्ञानदेव हात जोडून सांगत होते. “तेलाचा थेंब मी मोरीत कशाला घालवीन? पोट हाय त्याच्यावर.”

“मग हा कॅन कशाला?” निरीक्षकांनी विचारलं.

घाण्याच्या दाराशी निळा कॅन होता. वर पाटी: ‘तळून उरलेले तेल मोरीत न ओतता येथे द्यावे. साबणवाला नेतो. शंका असल्यास शनिवारी येऊन पाहावे.’

“लोकांचं जळकं तेल घेऊन आपण कशात मिसळता, कळतं आम्हाला,” हेमाचा आवाज चढला. “माझ्या घरात एकदा तापलेलं तेल पुन्हा गॅसवर चढत नाही. लहान मूल आहे.”

ज्ञानदेव तिच्याकडे वळले. काहीतरी विचारणार होते, तेवढ्यात चेंबरचं झाकण खणकन बाजूला पडलं.

आत पिवळट, घट्ट गोळा होता. साबणाच्या वडीसारखा. असा वास आला की ओवीने आईच्या खांद्यात नाक खुपसलं.

“बघा!” हेमा म्हणाली.

निरीक्षकांनी सीलची पट्टी बाहेर काढली.

महापालिकेच्या कामगाराने लोखंडी सळई आत घालून ढोसलं. पुन्हा ढोसलं. मग वाकून पाहिलं.

“साहेब, घाण्याचा पाइप मोकळा आहे. गोळा ह्या दुसऱ्याच्या तोंडाशी साचलाय. हा वरून येतो. स्वयंपाकघरांचा.”

निरीक्षकांचा हात थांबला. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

पहिल्या मजल्यावर हेमाच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. कामाच्या मालनबाई पदराला हात पुसत डोकावल्या.

“वहिनी, पुऱ्यांचं तेल निवलं हो! नेहमीसारखं सिंकमध्ये ओतून टाकू ना?”