बापाचा ओढा
ऐन मे महिन्यात वेळापूरजवळचा ओढा खळखळत होता, कारण पाहणीच्या धास्तीनं बागायतदार आबांनी उसाच्या सगळ्या मोटारी आठवडाभर बंद ठेवल्या होत्या. सरकारतर्फे ओढ्याचं पाणी मोजायला आलेल्या धम्मप्रियाला हेच हवं होतं; चालू मोटार जप्त होणार, ही आवई तिनंच उठवली होती. आबांनीच कधीकाळी तिच्या आईचं मासे धरायचं जाळं विळ्यानं फाडून विचारलं होतं, “ओढा काय तुझ्या बापाचा हाय?” जाळं तरंगावं म्हणून बांधलेला जुन्या रबरी चपलेचा तुकडा तेवढा आईनं जपला होता. तोच धम्मप्रियानं पाण्यात सोडून धारेचा वेग मोजला. “आमी थेंबबी उचलत न्हाय, मॅडम,” आबा ऐटीत म्हणाले. धम्मप्रियानं आकडा नोंदवला. “म्हणजे झऱ्यांचं खरं पाणी एवढं. ओढ्यातल्या दुर्मिळ माशांसाठी नियमानं दर उन्हाळ्यात तेवढं वाहतं ठेवायचं.” “आन् माझा ऊस?” तिनं तुकडा उचलला. “ओढा काय तुमच्या बापाचा हाय?”