टाकीची चावी

सरस्वतीबाईंनी सूप पुढे केलं आणि अंबुबाईने ते दोन्ही हातांवर पदर घेऊन स्वीकारलं. गौरीचं बागीन, सुपातलं वाण. आई गेल्यापासून माहेरचं बागीन थोरल्या बहिणीने आणायचं, असं न बोलताच ठरून गेलं होतं. त्यासाठी सरस्वतीबाई बनशंकरीहून निघून, सगळं शहर ओलांडून, येलहंक्याच्या पुढे द्राक्षाच्या मळ्यांमधल्या या गावात दर भाद्रपदात येत.

या वेळी त्या गाडीतून आल्या होत्या. दारात पांढरी गाडी, तिच्यावर महानगरपालिकेची पाटी. अंबुबाई बहिणीला कुंकू लावत होती, पण नजर तिच्या खांद्यावरून गाडीकडे.

"ड्रायव्हरसुद्धा त्यांचाच का गं अक्का?"

"त्यांचाच. समितीची अध्यक्ष आहे ना मी या वर्षी."

"मीही अध्यक्षच की. ग्रामपंचायतीची." अंबुबाईने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. "पण मला साधी सायकल नाही."

सरस्वतीबाई हसल्या. त्यांना बरं वाटलं.

ओट्यावर अंबुबाईचे सासरे गुंडोराव रेडिओ ऐकत होते. कुणी मंत्री बोलत होते. दिल्लीने सगळे अधिकार स्वतःकडे ठेवले आहेत, राज्यांना ते मिळाले पाहिजेत.

"मागायला ओंजळ, द्यायला मूठ," गुंडोराव म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा कान पिरगाळला.

"ठरावाचं काय करणार आहेस अंबू?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

येलहंक्यापुढची गावं शहरात घ्यायचं सरकारच्या मनात होतं. पंचायतींचं मत मागवलं होतं. उद्या अंबुबाईच्या पंचायतीची बैठक होती, आणि बाकीचे सदस्य तिच्याकडे बघूनच हात वर करणार होते.

"तू सांगशील तसं. शहरातलं मला काय कळतं? मामंजी म्हणतात, नको."

तेवढ्यात दारात दोघी बायका आल्या. खालच्या गल्लीत पाणी नव्हतं. घरात गौर बसलेली, पुरणाचा घाट घातलेला.

"आधी का नाही सांगितलंत?" म्हणत अंबुबाईने दारामागच्या खुंटीवरची चावी काढली. हातभर लांब, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी. "वॉटरमन सणाला सासुरवाडीला गेलाय. चल अक्का, तुझेही पाय मोकळे होतील."

पंचायतीची टाकी घरामागेच होती. टाकीखालच्या खड्ड्यात अंबुबाईने चावी घातली आणि वाकून फिरवली. आधी पाइप खोकल्यासारखा वाजला. मग खालच्या गल्लीतून ओरडा आला, आणि घागरींचा आवाज.

सरस्वतीबाई बघत राहिल्या. त्यांच्या वॉर्डात आठवडाभर नळ कोरडे होते. शहराचं पाणी जलमंडळाच्या हातात, मंडळ राज्य सरकारचं. त्यांनी इंजिनियरला फोन केला होता. वर विचारून सांगतो, असं तो म्हणाला होता. आज सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या फाटकाशी बसल्या होत्या. म्हणून गाडी मागच्या रस्त्याला बोलवावी लागली होती. जरीचं लुगडं नेसून, हातात सूप घेऊन त्या मोरीच्या दाराने बाहेर पडल्या होत्या.

"असं कुणीही येऊन सांगितलं की सोडतेस पाणी?"

"कुणीही म्हणजे? गावातलीच ना ती. तुमच्याकडे कसं करतात?"

"असंच," सरस्वतीबाई म्हणाल्या. "दे बघू मला."

चावी जड होती. त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि जोर लावला. आधी काहीच झालं नाही. मग आत कुठेतरी काहीतरी सरकलं आणि पाइप त्यांच्या पायाखाली थरथरला.

"अक्का, स्वल्प जास्ती सोडा!" खालून एकीने हाक मारली.

त्यांनी आणखी सोडलं. खाली बायका हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. कुणीतरी पोराला ओढून नळाखाली धरलं होतं. सरस्वतीबाईंनी अजून थोडी चावी फिरवली. लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता, तो त्यांनी उचललाही नाही.

"सरी सरी, पुरे आता," अंबुबाई म्हणाली. "वरच्या गल्लीला उरू दे. तिथल्या बायका माझं डोकं खातील."

"खाऊ देत की. तुला सोडता तरी येतं ना पाणी?"

अंबुबाईला ते कळलं नाही. ती हसली. तिने स्वतः वाकून पाणी थोडं कमी केलं, चावी वर काढली आणि हात धुवायला टाकीच्या नळाखाली बसली. चावी तेवढा वेळ सरस्वतीबाईंकडे होती.

"मग उद्या हो म्हणू?" अंबुबाईने विचारलं. "एवढंच सांग अक्का. शहरात गेल्यावर चावी माझ्याकडेच राहील ना? मामंजी म्हणतात, पहिली चावी जाईल. मग तू नुसती पाटी लावून बस, म्हणतात."

खालच्या गल्लीतून पाण्याचा आवाज येत होता. सरस्वतीबाईंनी चावीची मूठ घट्ट धरली. लोखंड अजून गार होतं.

"राहील की," त्या म्हणाल्या. "कुठे जाणार आहे? आणि गाडीही मिळेल."

"खरंच?"

"पांढरी. माझ्यासारखीच."

अंबुबाई उठली. तिचा चेहरा उजळला होता. हात ओले होते, म्हणून तिने दोन्ही हातांवर पदर घेतला आणि चावीसाठी पुढे केला, मघाशी सुपासाठी केला होता तसाच.