बोगद्यातली चढाई

“मानवी मेंदू हे विश्वातलं सर्वांत मोठं कोडं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हैबतीपुढे कोडं एकच होतं. कालच्या कबड्डीत पकड होताना डोकं आपटलं. रविवारची फायनल खेळायला मिळणार का?

“हलायचं नाही, बोलायचं नाही,” असं बजावून बाईंनी त्याला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं. यंत्र धडधडू लागलं, गड्याला वाटलं पब्लिक पत्रे बडवतंय, आणि सवयीने तो “कबड्डी, कबड्डी” घुमू लागला. पडद्यावरचा मेंदू धूसर झाला.

दुसऱ्या खेपेला त्याने ओठ मिटले, तेव्हा कुठे चित्र नीट आलं. “मेंदूला धक्का बसलाय, बरा होईल. पुढच्या हंगामात खुशाल खेळा, रविवारी मात्र बाकावर.”

हैबतीने जड मनाने मान डोलावली.

“बाई, दोनदा आत जाऊन सुखरूप परत आलो. बोनसचा एक गुण तरी लावा.”