रेब्बेंना न दिसणारा माणूस

रेब्बेंचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, सेवक फायव्हिश पडद्याआडून बाहेर आला आणि त्याने पुन्हा तशीच नकारार्थी मान हलवली.

"रेब्बेंना काही दिसत नाही, बाई."

ब्रायना बाकावरून उठली नाही. हिवाळाभर ती या दारात खेटे घालत होती. तिचा नवरा लेमेल धर्म शिकायला म्हणून घराबाहेर पडला, तो गेलाच. तो मेल्याचा साक्षीदार नाही आणि त्याच्या हातची सोडचिठ्ठीही नाही. मग दुसरं लग्न कसलं? गिरणीवाला विधुर गेट्सल तिला करून घ्यायला तयार होता, पण त्याच्या घरात आईविना लेकरं होती. वसंतातल्या वल्हांडण सणानंतर थांबणार नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं.

रेब्बेंना जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं, असं सगळा पोडोलिया प्रांत सांगे. रानात एकट्याने तप करून ते इथे आले होते. बायकांकडे ते बघत नसत. फायव्हिश आत जाऊन बाईचं आणि तिच्या आईचं नाव सांगे आणि उत्तर घेऊन येई. परवाच त्यांनी एकाचा चोरीला गेलेला घोडा कुठे बांधलाय ते सांगितलं होतं.

"घोडा दिसतो," ब्रायना म्हणाली, "आणि दाढीमिशांचा अख्खा माणूस दिसत नाही?"

"घोडेवाल्याची श्रद्धा होती."

बाकावरच्या बायका हसल्या. एकीने उपास करायला सांगितलं. उपास करून करून ब्रायनाची पार काडी झाली होती. आता तिला देवाचा नाही, त्या पडद्याचा राग येत होता.

"आत नीट सांगता ना? ब्रायना, टोल्त्सेची मुलगी?"

"दर वेळी तेच सांगतो. रेब्बे ऐकतात, रडतात आणि म्हणतात, दिसत नाही. तुझ्यासाठी कोण रडलंय गं इतकं आजवर?"

हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. रडणं घेऊन ती काय चाटणार होती? तिने फायव्हिशला बाजूला ढकललं आणि पडदा ओढला.

बायकांनी तोंडाला शाली लावल्या. रेब्बेंनी मान खाली घातली. ब्रायना त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग ती फायव्हिशकडे वळली.

"सोडचिठ्ठी लिहायला एक लेखनिक आणि दोन साक्षीदार बोलवा," ती म्हणाली. "नवरा सापडला."