शेडमागचं हिरवं गवत

कुऱ्हाडीचा पहिला घाव कांद्याच्या शेडच्या दारावर बसला. आत धम्मदीना कडी लावून, पाठीनं दार रेटत उभी होती. ओठ फाटलेला, टीशर्ट रक्तानं भिजलेला. बाहेर तिचा नवरा.

"बाहेर ये! मेलेल्या जोगड्यांची शेतं बघायची फार हौस ना तुला? ये, दाखवतो!" जयवंत ओरडत होता.

घरात तिच्या अभ्यासाचे फोटो जळत होते. इंग्लंडमधल्या मठांच्या जुन्या शेतवाड्या, मध्ययुगातल्या, विमानातून टिपलेल्या. काय घोडं मारलं होतं त्यांनी ह्याचं? पण फोटो दिसले की हा पिसाळायचा. शिकलेली बायको सोसवत नाही मेल्याला, असं ती धरून चालली होती. इथल्या पुकेकोहे गावातले ओळखीचे देशी लोक म्हणायचे, पहिली बायको सुनेत्रा पळून गेली ना इंडियाला, म्हणून संशयी झालाय बिचारा. बिचारा म्हणे!

फळीला चीर गेली. दाराला लावायला तिनं कांद्याच्या गोण्या ओढल्या, तर मागून एक फ्रेम घसरली. ओळखीची. ह्याच शेताचा विमानातून काढलेला फोटो. इथले फोटोवाले आधी शेतावरून उडतात आणि मग दारात येऊन विकतात, तसला. ती लग्न होऊन आली तेव्हा सोफ्याच्या वर टांगलेला होता. मग एक दिवस जयवंत म्हणाला, काच फुटली, टाकून दिला.

काच तर चांगली धडधाकट होती.

तिनं फ्रेम फटीतल्या उजेडाकडे धरली. दुष्काळी उन्हाळ्यातला फोटो. सगळं रान करपून पिवळं. शेडच्या मागे मात्र गवताचा एकच हिरवागार पट्टा. सरळ कडांचा. माणसाच्या लांबीचा.

एकदा जेवताना तिनंच मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं, "खाली भिंत पुरलेली असली की वरचं गवत आधी वाळतं. आणि कधीतरी खोल खणून बुजवलेलं असलं ना, की ती माती ओल धरते. बाकी सगळं करपलं तरी तेवढं हिरवं राहतं. वरून बघितलं की लपत नाही रे!" जयवंतचा घास हातातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची फ्रेम गेली. त्याच आठवड्यात तिला पहिली थप्पड बसली.

तिनं खिशातला मोबाइल काढून पोलिसांना फोन लावला.

"गाडी निघालीय," पलीकडची बाई म्हणाली. "तिथे तुमच्याशिवाय आणि त्याच्याशिवाय आणखी कोणी आहे का?"

कुऱ्हाडीचं पातं फळीतून आत आलं. धम्मदीना मुद्दाम ओरडूनच बोलली, दारापलीकडे ऐकू जाईल असं.

"आहे! त्याची पहिली बायको. शेडच्या मागे. येताना फावडी आणा!"

कुऱ्हाड थांबली.