फ्लेक्सवरचा फोटो

फ्लेक्स छापणाऱ्या हणमंतानं चौकातला तो फ्लेक्स स्वतःच्या हातानं फाडला आणि तसाच दवाखान्याकडं धावला. एकाच दुपारी दोन फ्लेक्स करताना त्याच्याकडून फोटोंची अदलाबदल झाली होती. वाढदिवस विलासचा, आणि त्याचा हसरा चेहरा नेमका 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली गेला. लेकाचा फ्लेक्स बघायला हौसेनं चौकात आलेल्या गोदाक्का छातीला हात लावून तिथंच कोसळल्या.

"रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत," डॉक्टर मॅडम विलासला सांगत होत्या. "धक्क्यानं हृदयाचा स्नायूच दुबळा झालाय. खालचा भाग फुगलाय, नीट आकुंचन पावत नाही. दर ठोक्याला जेमतेम निम्मं रक्त पुढं जातंय. बहुतेकजण महिना-दोन महिन्यांत सावरतात. पण हे चार दिवस फार जपायचे."

हणमंत दारातूनच हात जोडून म्हणाला, "आक्का, चुकलो. बघा की, विलास धडधाकट उभा आहे तुमच्यापुढं."

"दिसतोय की रे मला," गोदाक्का धापा टाकत म्हणाल्या. त्यांनी विलासचा हात ओढून आपल्या छातीवर दाबून धरला. "ह्या काळजाला अजून पटंना."