बंद कर ते!

लॅपटॉपमधून भोंगा वाजायला लागला. नवऱ्याची पक्षाघातानंतर गेलेली वाचा परत यावी म्हणून करायचे व्यायाम कालिंदीबाई शोधत होत्या, तेवढ्यात सगळा पडदा लाल झाला. ‘व्हायरस शिरला आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ लग्नापासूनचे सगळे फोटो त्यातच होते. त्यांनी फोन लावला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. “घाबरू नका मॅडम, मी आहे ना. सांगतो ते ॲप घ्या आणि त्यावर आलेला नंबर मला वाचून दाखवा.”

“सात... चार...”

“अगं, बंद कर ते!”

कालिंदीबाई दचकून मागे वळल्या. पलंगावर मोरेश्वरराव कपाळाला आठ्या घालून लॅपटॉपकडे बघत होते. दिवाळीपासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

“मॅडम, पुढचा आकडा?” फोनमधल्या माणसाचं चालूच होतं. बाईंनी फोन कापला. फोटो गेले तर गेले, म्हणत लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. भोंगा थांबला.

मग त्या नवऱ्याचा हात धरून पलंगाच्या कडेला बसल्या. त्याच्याकडे तेवढेच शब्द उरले असतील तर, या विचाराने बाईंचा जीव खालीवर होत होता.

“चहा,” मोरेश्वरराव हळूच म्हणाले.

“काय म्हणालात?” नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी विचारलं.